दादा, पीएच.डी. कशावर करू?

खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर, खांदा कॉलनीच्या अंगाला, चहाची एक टपरी आहे. रविवारची विहारातली बैठक उठली की आपली पाच-सात डोकी तिथं जमतात, आणि बैठकीत जे बोलायचं राहिलं ते तिथं बोललं जातं. मागच्या रविवारी तिथंच एका पोरीनं विचारलं, "दादा, पीएच.डी. कशावर करू?"

पोरगी आपल्यातली. बाप सिडकोच्या बांधकामांवर बिगारी होता, आता एका सोसायटीत वॉचमन आहे. तिनं मराठीत एम.ए. केलंय, नेट काढलीय, कथा लिहिते. मार्गदर्शक मिळालेत. त्यांनी विषयही सुचवलाय : 'दलित आत्मकथनांतील स्त्रीचित्रण : एक चिकित्सक अभ्यास'. मी म्हणलं, मग अडलंय कुठं? ती म्हणाली, "दादा, हा विषय माझ्या आईचा आहे. पण प्रबंधात आई येणार नाही. स्त्रीचित्रण येणार."

मित्रांनो, आठवडाभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी काही समीक्षक नाही. एम.ए. मीही केलंय, आणि त्यापुढचं अर्ध्यावर सोडलंय. तोंडी परीक्षेत मला एका सरांनी विचारलं होतं, "तुम्ही तर हे सगळं जगलात, मग अभ्यास करायचा काय उरला?" बाकीचे हसले. मीही हसलो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण मला भांडायचंय ते त्या एका माणसाशी नाही. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

तुम्ही कधी दलित साहित्यावरचा प्रबंध हातात धरलाय? धरा एकदा. आता ते 'शोधगंगा'वर घरबसल्या वाचता येतात. मी गेल्या दोन वर्षांत बरेच चाळले. पहिलं प्रकरण, दलित साहित्य : संकल्पना, स्वरूप आणि प्रेरणा. तिथं बुद्ध येतात, फुले येतात, बाबासाहेब येतात, २ मार्च १९५८ चं मुंबईतलं पहिलं दलित साहित्य संमेलन येतं, अण्णाभाऊंचं उद्घाटनाचं भाषण येतं. दुसरं प्रकरण लेखकाचं जीवन. तिसरं कथानकाचा सारांश, म्हणजे पुस्तक ज्यानं वाचलं नाही त्याची सोय. चौथं भाषाशैली : म्हणी, वाक्प्रचार, बोलीतले शब्द, शिव्या. होय, शिव्यांची यादी असते. अक्षरक्रमानं लावलेली. आपल्या बायांनी नळावर, पोलीस चौकीसमोर, मुकादमाच्या तोंडावर ज्या शिव्या जीव वाचवायला घातल्या, त्या 'अ'पासून 'ह'पर्यंत ओळीत उभ्या केलेल्या, जणू शाळेची कवायत. पाचवं प्रकरण समारोप. त्यात सिद्ध होतं की या साहित्यात वेदना आहे, विद्रोह आहे आणि नकार आहे.

वेदना, विद्रोह, नकार. हे तीन शब्द आपल्याच माणसांनी घडवले. ज्या दिवसांत घडले त्या दिवसांत ते हाताला चटका देत होते. मराठीत दुःख म्हणजे प्रेमभंग किंवा मध्यमवर्गी एकटेपण असं समजणाऱ्यांच्या तोंडावर ते फेकलेले होते. आज ते प्रश्नपत्रिकेत दहा मार्कांना येतात. 'दलित कवितेतील वेदना, विद्रोह आणि नकार सोदाहरण स्पष्ट करा.' पोरं स्पष्ट करतात. एका पानात वेदना, एका पानात विद्रोह, वेळ उरला तर नकार.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हणलं असतं, जाऊ द्या, परीक्षा आहे, पास व्हा आणि सुटा. पण रोग कवितेत शिरलाय. आपल्या या अंकाकडे ज्या कविता येतात त्यांतल्या निम्म्या प्रश्नपत्रिकेला उत्तर म्हणून लिहिल्यासारख्या असतात. सुरुवातीला वेदना, मध्ये 'पण आता नाही' असं वळण, शेवटी सूर्य, मशाल किंवा वज्रमूठ. कवी एम.ए. भाग दोनला असतो. त्याला वाटतं हीच आपली परंपरा. अरे, बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ ची. तिच्यातल्या कथा काढून बघ, कुठली कुठं मशाल घेऊन उभी राहते का? माणूस चिरडला जातो, आणि कसा चिरडला जातो हे बागुल डोळा न मिटता बघत राहतात. त्यातून जी आग लागते ती वाचणाऱ्याला.

आता वर्गात शिरू. एम.ए. मराठीला साहित्यशास्त्राचा पेपर कुणाला चुकत नाही. तिथं मम्मट भेटतो. काश्मीरचा, अकराव्या शतकातला, 'काव्यप्रकाश'वाला. त्यानं सांगितलेली सहा काव्यप्रयोजनं आपण सगळ्यांनी घोकलीत : यश, पैसा, व्यवहाराचं ज्ञान, अमंगळाचा नाश, तत्काळ मिळणारा परम आनंद, आणि कांतासंमित उपदेश. या शेवटच्या प्रयोजनावर जरा थांबा. उपदेश तीन तऱ्हांचा, असं हे शास्त्र म्हणतं. वेद सांगतात ते मालकासारखं, हुकूम म्हणून. पुराणं सांगतात ती मित्रासारखी. आणि काव्य सांगतं ते प्रिय पत्नीसारखं, गोड बोलून, लाडीगोडी लावून, म्हणून ते मनात उतरतं.

आमच्या पोरीनं परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. सहा प्रयोजनं नीट लिहिली आणि खाली आपल्या मनचा एक परिच्छेद जोडला. तिचं म्हणणं असं : दलित साहित्य मालकासारखं बोलत नाही, कारण आपण कुणाचे मालक नव्हतो. मित्रासारखं बोलत नाही, कारण ज्याच्याशी बोलायचं तो अजून मित्र झालेला नाही. पत्नीसारखं तर नाहीच नाही. ते साक्षीदारासारखं बोलतं. कोर्टात साक्षीदाराला गोड बोलायचं नसतं, त्याला तारीख, जागा आणि कोण हजर होतं ते सांगायचं असतं. म्हणून एक चौथा प्रकार मानावा, साक्षीसंमित. आणि पुढं तिनं असंही विचारलं की कांतासंमित म्हणणाऱ्या शास्त्रकारानं कांतेला कधी विचारलं का, तिला काय सांगायचंय? उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ मध्ये आलं, कुमुद पावड्यांचं 'अंतःस्फोट' १९८१ मध्ये. तिथं कांता बोलते आहे, आणि ती लाडीगोडी लावत नाही.

या उत्तराला कमी मार्क पडले. विषयांतर म्हणून.

माझं मत विचाराल तर एम.ए.च्या उत्तरपत्रिकेत मी वाचलेली ही सगळ्यात चांगली समीक्षा. मम्मटाला तिनं शिव्या घातल्या नाहीत, जे आपण सोयीनं करतो. तिनं त्याचं माप घेतलं, आपल्या अंगाला लावून बघितलं आणि कुठं आखूड पडतं ते दाखवलं. तिच्यात एक खोट मात्र आहे आणि ती मी तिला सांगितली : 'अमंगळाचा नाश' हे प्रयोजन तिनं फार लवकर सोडलं. टीकाकार तिथं मयूर कवीची गोष्ट सांगतात, सूर्याचं स्तोत्र रचून त्याचं कोड बरं झालं म्हणून. पण अमंगळ म्हणजे कोण? गावाच्या व्याख्येत अमंगळ आपणच होतो. सावली अमंगळ, पाऊल अमंगळ. तिथं कुदळ मारायला जागा होती.

मम्मटानंतर वर्गात मर्ढेकर येतात. 'सौंदर्य आणि साहित्य', १९५५. लय, आणि लयीचे संवाद, विरोध, समतोल हे नियम. मर्ढेकर मोठा कवी, त्याबद्दल वाद नाही. पण मला शिकवणाऱ्या बाईंनी 'गोलपिठा' या लयतत्त्वावर तपासला आणि समतोल सापडत नाही म्हणून हळहळल्या. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होतो, कामाठीपुऱ्यात समतोल कुठल्या गल्लीत असेल? बागुलांचं 'दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान' १९८१ चं, शरद पाटलांचं 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९८८ चं, शरणकुमार लिंबाळ्यांचं 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ चं. म्हणजे आपली मापं आपण कधीच तयार केली होती. मी शिकलो तिथं ती ऐच्छिक पेपरात होती. ज्याला हवं त्यानं घ्यावं. मम्मट मात्र सक्तीचा. आपलं साहित्य मापायला ठेवलेला कपडा आहे, आणि गज त्यांच्या हातात, एवढाच याचा अर्थ.

मग आपल्याला लिहायला शिकवलं कुणी? अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले असं सगळे सांगतात. ढसाळ टॅक्सी चालवत होते. यांना कुठल्या विद्यापीठानं सर्जनशील लेखनाचा पेपर शिकवला? पण ते आपोआप उगवले असंही नाही, आणि 'उपजत प्रतिभा' म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवणं हाही त्यांना वर्गाबाहेर ठेवायचाच एक प्रकार आहे. त्यांची शाळा होती. शाहिरांचे फड आणि आंबेडकरी जलसे ही शाळा होती. माटुंगा लेबर कॅम्पात बागुल राहत, तिथं येणारी-जाणारी पोरं, ती शाळा. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह, जिथं पँथरची पोरं राहिली, भांडली, एकमेकांचं लिहिलेलं फाडून परत लिहीत राहिली, ती शाळा. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे, ती शाळा. आणि हे सायक्लोस्टाइलचे अंक, जे आपण अजून हट्टानं काढतो, स्टेन्सिल मिळवता मिळवता नाकी नऊ येतात तरी.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा चालवलीय. कथा-कविता लिहून तिथं पदवी मिळते. पद्धत अशी की एकानं लिहिलेलं सगळ्यांनी आधी वाचायचं, मग सगळे त्यावर बोलणार, आणि लिहिणाऱ्यानं तोवर तोंड मिटून बसायचं. त्याच आयोवात लेखकांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे, १९७५ मध्ये दिलीप चित्रे तिथं गेले होते. याच चित्र्यांनी पुढं ढसाळांची कविता इंग्रजीत नेली, ते पुस्तक २००७ मध्ये आलं.

आयोवाची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण तिथली एक हकिगत मला झोपू देत नाही. मार्गारेट वॉकर नावाची काळी कवयित्री. तिची आजी तिला गुलामीतल्या दिवसांच्या गोष्टी सांगायची, स्वतःच्या आईच्या, म्हणजे मार्गारेटच्या पणजीच्या. मार्गारेटनं अनेक वर्षं खपून त्यावर कादंबरी लिहिली, 'ज्युबिली'. आणि १९६५ मध्ये ती कादंबरी हाच तिचा पीएच.डी.चा प्रबंध म्हणून आयोवानं मान्य केला. पुढच्या वर्षी ती छापून आली. कळलं का मी काय म्हणतोय ते? तिच्या प्रबंधात पणजी आली. आपल्याकडे मराठीची पीएच.डी. म्हणजे कादंबरीवरचा प्रबंध. कादंबरी हाच प्रबंध नव्हे. 'जगलात, मग अभ्यास काय करायचा' असं मला विचारणाऱ्याला हे उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही, कारण तेव्हा मला मार्गारेट वॉकर माहीत नव्हती. माहीत नसण्याची किंमत अशी मोजावी लागते.

आणि आता आपली खांदेश्वरची कार्यशाळा कशी चालते ते सांगतो. गेल्या महिन्यात त्याच पोरीनं विहारात एक कथा वाचली. कामोठ्यातली कंत्राटी झाडूवाली बाई. नवरा गेलेला, पोरगा बारावीला. ती सकाळी सातला हजेरी लावते, मुकादम तिला टाकून बोलतो, आणि शेवटी ती झाडू उगारून त्याच्यासमोर उभी राहते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मागं एक आक्का बसली होती, तीस वर्षं झाडू मारलेली, आधी ग्रामपंचायतीत, मग सिडकोच्या कंत्राटात, २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली तेव्हा नवा ठेकेदार आला त्याच्याकडे. आक्का म्हणाली, "सातला कुठली गं हजेरी? साडेपाचला असती. सातला मुकादम घरी जाऊन परत झोपतोय." सगळे हसले. मग आक्का म्हणाली, "आणि झाडू उगारत न्हाई कुणी. झाडू मोडला तर त्याचे पैसे पगारातून कापत्यात. मी तर हातावर मार खाल्ला असता, पण झाडू जपला असता."

विहारात शांतता झाली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठून गेली नाही. घरी गेली आणि कथा परत लिहिली. साडेपाचची केली म्हणजे अंधार आला, रस्त्यावरचे दिवे आले, भटकी कुत्री आली, एकटीनं चालत येणाऱ्या बाईची भीती आली, जी सातच्या उन्हात नव्हती. आणि शेवटी बाई झाडू पोटाशी धरून शिव्या खाते. एवढंच. परवा तिनं ती वाचली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आक्का पदरानं तोंड पुसत होती.

पहिल्या कथेतला तो उगारलेला झाडू कुठून आला होता? प्रश्नपत्रिकेतून. विद्रोह, दहा मार्क. आणि दुसऱ्या कथेत जे आलं ते कुठल्या साहित्यशास्त्रातून आलं? तिच्याच उत्तरातून, साक्षीसंमित. साक्ष खोटी पडली तर साक्षीदार आडवा पडतो. आक्कानं उलटतपासणी घेतली. आयोवात लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं आणि बाकीच्या लेखकांनी बोलायचं असतं. आपल्याकडे ज्याच्यावर लिहिलंय तो माणूसच समोर बसलेला असतो.

१९७२ चा 'गोलपिठा' आठवा. तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. तेव्हापासून आजवर आपल्यातले कित्येक त्यावर चिडतात, की पांढरपेशाची प्रस्तावना लागलीच कशाला? मीही चिडत होतो. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. न कळलेले शब्द तेंडुलकरांनी लपवले नाहीत. ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले, अर्थ विचारले, आणि मला हे कळत नव्हतं असं छापून कबूल केलं. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातली ती शिव्यांची यादी विचारत नाही. ती सगळं कळल्याचा आव आणते.

आता दुसऱ्या बाजूचं. टपरीवर आमचा एक पँथरमधला जुना गडी असतो. तो म्हणाला, "कशाला पाहिजे तुला पीएच.डी.? ती भिंतच त्यांची. पोरी, तू कथा लिही." त्याचं मला पटत नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर बोललोय. फुल्यांनी १८८५ मध्ये रानड्यांच्या ग्रंथकार सभेला यायला नकार दिला, तो बरोबर होता. पण त्याच फुल्यांनी पोरींसाठी शाळा काढल्या होत्या. संमेलनाला नकार देणं वेगळं आणि शिक्षणाला पाठ दाखवणं वेगळं.

कुमुद पावडे घ्या. नागपूरची महाराची पोर संस्कृत शिकते, शाळेत गोखले गुरुजींसारखा सोवळा माणूस तिला मनापासून शिकवतो, ती संस्कृतात एम.ए. होते. मग नोकरी मिळत नाही. कुमुद सोमकुवर होती तोवर मिळाली नाही. लग्न झालं, आडनाव पावडे झालं, आणि मग मिळाली. 'अंतःस्फोट'मध्ये त्या स्वतः सांगतात की नोकरी मिळाली ती पावड्यांना, सोमकुवरांना नाही. या लेखाला मी मराठीतल्या पहिल्या दहा समीक्षालेखांत धरतो, कारण तो विद्यापीठाची समीक्षा करतो, आणि ती संस्कृत येणाऱ्या बाईनं केलीय. न शिकता हे लिहिता आलं नसतं. २०२३ मध्ये त्या गेल्या. आपल्या किती पोरांनी त्या दिवशी पुस्तक उघडलं?

बाबासाहेबांचंही बघा. 'भारतातील जाती' हा निबंध मूळ कोलंबियातल्या सेमिनारचा, मे १९१६ मध्ये वाचलेला. पंचविशीतल्या विद्यार्थ्यानं वर्गात वाचलेला पेपर! आणि लंडनला रुपयावरचा प्रबंध परीक्षकांना झोंबला, परत लिहा म्हणाले. कीरांनी चरित्रात लिहिलंय की बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये पदवी घेतली. मी हे त्या पोरीला तीनदा सांगितलं.

पदवीचा कागद हलका नाही. त्यावरच्या नावासाठी माणसं मेलीत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळेला मारलं. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं तेही मूळ नावाला जोडून. रोहित वेमुला पीएच.डी.च करत होता. १७ जानेवारी २०१६. त्याला लेखक व्हायचं होतं, विज्ञानावर लिहिणारा, आणि शेवटच्या पत्रातही अडकलेल्या सात महिन्यांच्या फेलोशिपचा हिशेब होता. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक विद्यार्थ्यांचा प्रश्न घेऊन आपली पोरं आझाद मैदानात बसली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सारथीच्या फेलोशिपची चर्चा चालू असताना तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत विचारलं की पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार. तो टोला मराठा पोरांना होता, बसला सगळ्यांना. टपरीवरच्या गड्याला मी म्हणलं, "तू आणि तो मंत्री एकच बोलताय, फक्त कारणं वेगळी." त्यानं मला शिवी दिली आणि दुसरा चहा सांगितला.

बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० मध्ये कॉलेज काढलं, पुढं त्याला मिलिंद नाव दिलं. मिलिंद म्हणजे तो ग्रीक राजा, भल्याभल्यांना प्रश्नांनी गप्प करणारा, ज्याला अखेर नागसेन भेटला. 'मिलिंदप्रश्न'मध्ये वाद सुरू व्हायच्या आधी नागसेन एक अट घालतो. महाराज, पंडितांसारखा वाद करणार असाल तर करू, राजांसारखा करणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात एकमेकांना खोडलं जातं, चूक दाखवली जाते, पण कुणी रागावत नाही. राजा एक मुद्दा मांडतो आणि जो विरोध करील त्याला शिक्षा देतो. मिलिंदानं अट मान्य केली. ज्या माणसानं कॉलेजला हे नाव दिलं त्याला परीक्षा कशी असावी हे ठाऊक होतं. आमच्या पोरीच्या उत्तरपत्रिकेवर 'विषयांतर' असं लिहिलं गेलं तो राजवाद होता. आक्कानं तिची कथा मोडली तो पंडितवाद, आक्काला सही करता येत नाही तरीसुद्धा.

म्हणून मी तिला विषय सुचवला. 'बलुतं' १९७८ मध्ये आलं. तेव्हापासून विद्यापीठांनी ते कसं वाचलं, कसं शिकवलं, कसं विचारलं, याचाच प्रबंध कर. अभ्यासक्रम काढ, प्रश्नपत्रिका काढ, गाइडं काढ, झालेले प्रबंध काढ. पहिल्या वर्षी काय विचारत होते आणि आज काय विचारतात ते शेजारी-शेजारी मांड. दगडू पवार आतापर्यंत विषय होता, आता मास्तर विषय होऊ दे. त्यात तुझी आई स्त्रीचित्रण होऊन येणार नाही, वाचणारी म्हणून येईल. आईला 'बलुतं' वाचून दाखव आणि ती काय म्हणते ते एका प्रकरणात घाल. आक्कालाही दाखव.

टपरीवरच्या गड्यानं इथं एक शंका काढली, ती खोटी नाही. तो म्हणाला, म्हणजे पुन्हा केंद्रात विद्यापीठच, आपण त्यांच्याकडे बघत बसायचं. माझ्याकडे याला पुरं उत्तर नाही. एवढंच म्हणलं, पन्नास वर्षं ते आपल्याकडे बघतायत, पाच वर्षं आपण बघू.

पोरगी काही बोलली नाही. पनवेलहून येणारी गाडी दिसली तशी जिन्याकडे पळाली, आणि पळता पळता वळून म्हणाली, "दादा, सोमवारी सरांना सांगते. मार्गदर्शक बदलावा लागला तर बदलते." सोमवारी सर म्हणाले, विषय अवघड आहे, साधनं कुठून आणणार? म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, साधनं. ज्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, थोरल्या भावाच्या वह्यांत १९७८ नंतरच्या एम.ए. मराठीच्या प्रश्नपत्रिका असतील, कुठल्याही विद्यापीठाच्या, त्यांनी आणाव्यात. मार्जिनमध्ये पेन्सिलीनं खुणा असतील तर जास्तच चांगलं. दलित साहित्यावरची जुनी गाइडं असतील तर तीही. सायक्लोस्टाइलचे जुने अंक असतील तर हलक्या हातानं आणा, कागद तुटतो. दर रविवारी अकराला विहारात बैठक असते, स्टेशनहून चालत या. झेरॉक्स आम्ही काढू, मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ.